साहेबांची पावलं

"बाई, म्हातारा चालतोय," कानसेन काचेपलीकडून म्हणाला आणि माझे पाय थांबले. मला आधी वाटलं, मागे गर्दीत कुणी म्हातारा असेल आणि त्याची पावलं भरायची राहिली असतील. मी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पडद्याकडे नीट बघितलं. पडद्यावर एकच माणूस होता. लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बंद दारं आणि मधून चालत येणारा नवा हीरो. वय एकतीस, खांदे ताठ, केस आत्ताच भांग पाडल्यासारखे. म्हातारपण त्याच्यात औषधालासुद्धा नव्हतं. "कुठाय म्हातारा?" मी विचारलं. कानसेनने तेवढा भाग पुन्हा लावून ऐकला. तो आमचा रेकॉर्डिस्ट. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, तानसेन नाही पण कानसेन आहे, असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, तेव्हापासून त्याचं खरं नाव सगळे विसरले, बहुतेक तोसुद्धा. एकोणीस वर्षं तो काचेपलीकडे बसून माझं ऐकतोय. मी उपाशी असले की पोटात जी गुडगुड होते ती त्याला माझ्याआधी कळते. असा माणूस एखादी गोष्ट दुसऱ्यांदा ऐकायला लागला की मला धास्ती वाटते. "पडद्यावर नाही हो," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या पायांत."

मी पावलं भरते. हे सांगितलं की लोक एकदा माझ्या तोंडाकडे बघतात, एकदा पायांकडे बघतात आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय करता. सिनेमात माणूस चालतो तेव्हा जो आवाज येतो तो त्याचा नसतो. शूटिंगच्या वेळी माइक तोंडाशी धरलेला असतो, पायांना कोण विचारतो. मग सगळा सिनेमा जोडून झाला की तो आमच्या तळघरात येतो आणि मी अंधारात पडद्यासमोर उभी राहून हीरोला, खलनायकाला, पोलिसांना आणि वेळ पडली तर घोड्यालाही पाय देते. जमिनीत सहा खण आहेत. डांबर, खडी, लाकूड, गुळगुळीत फरशी, लोखंडी पत्रा आणि माती. भिंतीला लागून बुटांचे पंचेचाळीस जोड. ज्या खणात असेन त्यात जागच्या जागी चालायचं, पुढे सरकायचं नाही, नाहीतर माइक मागे राहतो. इतकी वर्षं रोज चालतेय आणि फूटभर पुढे गेले नाही, असं मी सांगते आणि लोक हसतात. पायांकडे बघून चालत असाल, असंही त्यांना वाटतं. पायांकडे बघितलं की चुकलंच. निम्म्या वेळा चौकटीत पाय नसतातच. खांद्याकडे बघायचं. खांदा उतरला की टाच टेकली. त्यामुळे मला ओळखीच्या माणसांचे चेहरे पटकन आठवत नाहीत, पण कोण कसं चालतं ते विचारा. आमच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहून गेलेल्या शिक्षकांचं नावही मला आठवत नाही, पण त्यांची उजवी चप्पल डावीपेक्षा उशिरा उचलली जायची, हे मी आत्ता उभी राहून करून दाखवीन.

सगळ्यात जास्त मी चालले ती साहेबांसाठी. तो हेर, ज्याचे एकोणीस वर्षांत सहा सिनेमे आले, जो दर सिनेमात इमारतीवरून पडतो आणि दर सिनेमात वाचतो, ज्याची प्रेयसी दर वेळी बदलते आणि कोट मात्र तोच राहतो, त्याला आमच्याकडे साहेब म्हणतात. बुटांच्या खोक्यावरही तसंच लिहिलंय, साहेब, आठ नंबर, चामडी तळ. माझा पाय पाच नंबरचा. दोन जोड लोकरी मोजे घातले की बसतो. सहाही सिनेमांत साहेब झालेला नट आता छप्पन्नचा झाला आणि त्याने हात जोडले. गुडघे ऐकत नाहीत, म्हणाला. माझेही ऐकत नाहीत, मी त्याच्याहून वर्षाने मोठीच आहे, पण मला कुणी विचारलं नाही. मग वर्षभर पेपरांत तेच. नवा कोण, उंच किती, जुन्याची सर त्याला येणार का, या मालिकेत पुन्हा जीव येणार का. नवा मिळाला. त्याचे डोळे, त्याची हनुवटी, त्याने घटवलेलं वजन, सगळ्यावर लिहून आलं. पायांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि मी धरून चालले की पाय तेच. चेहरा बदलला तरी साहेब तो साहेबच, आणि साहेब कसा चालतो हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस मी आहे, अशी माझी समजूत होती.

दुपारी दिग्दर्शक खाली आला. तोही या मालिकेत नवाच. "मॅडम, तुमची पावलं ऐकत मी लहानाचा मोठा झालो," तो म्हणाला, आणि कुणी असं म्हटलं की पुढे काहीतरी वाईट येतं, हे मला आता कळायला लागलंय. माणूस वाईट नाही. बोलताना समोरच्याचं ऐकतो, चहाचा कप स्वतः विसळून ठेवतो. "मला हा हलका हवाय," तो म्हणाला. "नुकता कामाला लागलेला. घाईतला. तुमचं चालणं फार सुंदर आहे, पण त्यात, कसं सांगू, सगळं होऊन गेलंय." मी विचारलं, काय होऊन गेलंय. "म्हणजे त्याने सगळं बघितलंय आणि आता तो घरी निघालाय, असं वाटतं," तो म्हणाला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती माझी खरोखरच तळपायातून निघाली, पोट त्यांच्यावरच भरतं. "एकोणीस वर्षांत मी या चालीत तसूभर फरक केलेला नाही," मी त्याला सुनावलं. "लोक डोळे मिटून ओळखतात साहेबांना." तो म्हणाला, "म्हणूनच." गुरुवारी पहिली दोन रिळं ऐकवा, तोवर वाटेल ते करून बघा, असं सांगून तो वर गेला. जाताना तोसुद्धा हलकाच गेला, रबरी तळ, डावा पाय जरा आत. मी त्याच्या मागे दाराकडे बघत राहिले आणि कानसेनने विनाकारण टेबल पुसायला घेतलं.

खरं कारण मी दिग्दर्शकाला सांगू शकले नाही. कानसेनलाही कधी सांगितलेलं नाही. साहेबांची चाल माझ्या नवऱ्याची आहे. पहिल्या सिनेमाच्या वेळी नट नवखा होता आणि नवे बूट चावत असल्यासारखा चालायचा. त्याच्या खांद्यांवरून काही केल्या पाय सापडेना. तीन दिवस मी चालत होते आणि तेव्हाचा दिग्दर्शक, तोंडाचा फाटका म्हातारा, काचेपलीकडून ओरडत होता, हा हेर आहे की विमा विकायला आलाय. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी घरी भांडी घासत होते आणि जिन्यावर नवरा येताना ऐकला. आमचा तिसरा मजला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या असतील, पण स्वतः कधी लिफ्टने वर गेला नाही, आत काय असतं ते मला माहीत आहे, म्हणायचा. मी नळ बंद केला. टाच ठाम टेकत होती, मग तळवा जरासा घासत येत होता, एक हात कठड्यावर, आणि दुसऱ्या वळणावर एक थांबा, हत्यारांची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला. मग उरलेला जिना, सावकाश, एकेक पायरी, काही सिद्ध करायचं नसलेल्या माणसाचा. लग्नाला दहा वर्षं झाली होती, रोज हा जिना ऐकत होते आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ नंबरी बूट चढवले आणि तोच जिना साहेबांना दिला. म्हातारा दिग्दर्शक ओरडायचा थांबला. तो ओरडत नाही म्हणजे खूश आहे, असं कानसेनने मला खुणेने सांगितलं.

नवऱ्याला मी सांगितलं नाही. आधी वाटलं, थिएटरात त्याला आपोआप कळेल, मग मजा येईल. आम्ही तिघं गेलो, मुलगी तेव्हा आठ वर्षांची, मध्ये बसलेली. साहेब काळोख्या जिन्याने चढायला लागले आणि मी पडद्याऐवजी नवऱ्याकडे बघत बसले. त्याला काही म्हणजे काही कळलं नाही. "हा माणूस चालतो झकास," एवढंच म्हणाला, आणि पुढे लिफ्टमधली मारामारी आली तेव्हा शेजारच्या चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, की अशी लिफ्ट मधेच उघडली तर मी नोकरी सोडून देईन. आपलं चालणं आपल्याला कुठे ऐकू येतं. आपण आतून चालतो. दुसऱ्या सिनेमाच्या वेळी सांगेन म्हटलं, तेव्हा राहून गेलं. तिसऱ्या सिनेमात गंमत झाली, नटानेच पहिल्या दोन सिनेमांतला आवाज ऐकून आपली चाल तशी करून घेतली. एवढा मोठा नट, ज्याच्यासारखा कोट शिवून घ्यायला लोक रांगा लावायचे, तो माझ्या नवऱ्यासारखा चालायला लागला, आणि नवरा घरात बनियनवर बसून बटाटे सोलत होता. तेव्हा सांगायला हवं होतं. चौथ्या सिनेमाच्या आधी त्याच्या फुप्फुसांचं निघालं, आणि मग सांगायची सोयच राहिली नाही. जो माणूस न्हाणीघरापर्यंत जाऊन धापा टाकत खाटेवर बसतो त्याला काय सांगायचं, की तुझी चाल लाखो लोकांना आवडते. मी घाबरट निघाले, दुसरं काही नाही. तो सहा वर्षं आजारी होता, आणि सहा वर्षांत मला पाच मिनिटं मिळाली नाहीत असं मी म्हणू शकत नाही.

तो जाऊन चार वर्षं झाली. तो गेला त्याच वर्षी सहावा सिनेमा आला, आणि लोक मला म्हणाले, एवढ्यात कामाला नको लागूस. मी तेराव्या दिवसानंतर लागले. चार महिने मी सकाळी दहाला तळघरात उतरायचे, दार बंद व्हायचं, दिवे जायचे, आणि तो चालायला लागायचा. डांबरावर, फरशीवर, खडीवर, विमानतळावर, एका प्रसंगात तर मेलेल्या मित्राच्या घरात. माझेच पाय, माझंच वजन, पण मी खांद्यांकडे बघून चालत असायचे आणि आवाज खालून यायचा, आणि खालून येणारा आवाज त्याचा असायचा. घरी सगळं होतं. त्याचा चष्मा, त्याची हत्यारं, मुलीने मोठा करून भिंतीला लावलेला फोटो. पण फोटोत माणूस उभा असतो. मला तो येताना हवा होता. संध्याकाळी जिन्यावर कुणी चढलं की अजूनही माझा हात नळाकडे जातो, आणि पहिल्या दोन पायऱ्यांतच कळतं की हे दुसऱ्या मजल्यावरचे आहेत. तळघरात मात्र तो होता. साहेब जोवर चालत होते तोवर तो होता, आणि आता एक सभ्य माणूस कप विसळून ठेवून मला सांगत होता की हे पाय काढा, दुसरे लावा. ते काढले की तो कुठेच उरत नव्हता. एवढंच होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तीन दिवस मी चालले. प्रामाणिकपणे चालले, असं म्हणवत नाही. बूट बदलले, एका मोज्यावर आले, तळाला फडकं लावलं, चवड्यावर चालून बघितलं. कानसेन दर वेळी म्हणायचा, "छान आहे, पण तोच आहे." मला ते ऐकून आतून बरं वाटायचं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, मी त्याला म्हटलं, आणि तो हसला, पण त्याने फोनवर वर कुणाला तरी सांगितलं की अजून एक दिवस लागेल. नव्या पोराच्या खांद्यांकडे मी नीट बघितलंच नव्हतं, हे मला आत्ता कळतं. त्याचा खांदा टाच टेकायच्या आधीच उचलला जात होता, पुढच्या पावलाची घाई असल्यासारखा, आणि मी त्या घाईवर माझी ठाम टाच ठेवून देत होते. बुधवारी गुडघा सुजला. मुलीला फोन केला, तिने हाडांच्या डॉक्टरांकडे गुरुवारी चारची वेळ घेतली. ती दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगते आणि मला बंद ठेवायला. "आई, सोड ना आता," ती म्हणाली. "साहेब बदलले, तूही घरी बस. दुसरं कुणी चालेल." मी म्हटलं, दुसरं कुणी चालणार नाही. "का, त्यात काय एवढं सोनं लागलंय?" तिने विचारलं. मी फोन ठेवला. तिलाही मी कधी सांगितलेलं नव्हतं. बापाच्या आजारपणात तिने रात्रीचा दिवस केला होता, आणि मी त्याला तळघरात ठेवलंय आणि एकटी जाऊन भेटते, हे तिला कसं सांगायचं.

बुधवारीच निघताना मला ती कल्पना सुचली. मी कानसेनला म्हटलं, उद्या दिग्दर्शक आला की पहिल्या सिनेमाची पावलं लाव. संगीत नको, संवाद नकोत, नुसती पावलं. तो जिना लाव. त्याला ऐकू दे, की साहेब पहिल्या दिवसापासून असेच चालत आलेत, आणि तेव्हा तेही सदतीसचे होते, काही म्हातारे नव्हते. "कशाला, बाई?" कानसेन म्हणाला. मी विचारलं, जपून ठेवलंयस ना? "जपून ठेवलंय हो. मी काही टाकत नाही. पण कशाला उगाच." तो असं का म्हणतोय ते मला कळलं नाही. मी स्वतःचं काम कधी ऐकत नाही. रांधून उठलेल्या बाईची भूक मरते तसं माझं होतं, आणि थिएटरात तर वर एवढा वाजंत्रीचा गोंधळ असतो की पावलं असली काय, नसली काय. त्यामुळे तो जिना मी भरला त्या सकाळनंतर उघडा असा ऐकलाच नव्हता. ऐकायची गरजच नव्हती, तो माझ्या पायांत होता. "लाव म्हणते ना," मी म्हटलं. कानसेनने मान हलवली आणि दिवे घालवले.

गुरुवारी मुलगी अडीचलाच आली. लहानपणी शाळा सुटली की ती इथेच यायची आणि बुटांच्या खोक्यांवर बसून गृहपाठ करायची, तेव्हा कानसेन तिला ठेंगू म्हणायचा. आता ती त्याच्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि तो अजून ठेंगूच म्हणतो. ती काचेपलीकडे कानसेनच्या खोलीत जुन्या सोफ्यावर फोन बघत बसली. दिग्दर्शक आला, तिला नमस्कार केला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी म्हटलं, आधी हे ऐका, मग बोलू. कानसेनने एकदा माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. पडद्यावर काही नव्हतं, नुसता काळा. आधी एका बाईचा आवाज आला, तरुण, जरा रागावलेला, "साहेब, जिना, टेक पहिला." मग पावलं. दोन दोन पायऱ्या एकदम, टाच धड टेकतही नव्हती, चवड्यावर उचललेला पाय, हलका, पोरकट म्हणावा इतका. वळणावर थांबा नव्हताच. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेताना जेमतेम एक अर्धी उडी, आणि पुन्हा वर, वर, जणू वर कुणी बोलावलंय. मी कानसेनला म्हटलं, "हे कुठलं लावलंस? हे माझं नाही. कुठल्या पोराचे पाय आहेत हे?" दिग्दर्शक सोफ्याच्या हातावर टेकला होता तो उठून उभा राहिला. "हाच," तो म्हणाला. "मॅडम, हाच हवाय मला." कानसेन माझ्याकडे न बघता म्हणाला, "पहिला सिनेमा आहे, बाई. तुमचाच आवाज आहे आधी."

मी म्हटलं, तुझी काहीतरी चूक होतेय. तेवढ्यात मागून मुलगी म्हणाली, "बाबा आले." मोठ्याने नाही. संध्याकाळी दार उघडायला पळताना म्हणायची तसं, कुणाला सांगायला नाही, आपलं आपल्यालाच. मी वळून बघितलं. फोन तिच्या मांडीवरून खाली पडला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. "आई, हे बाबा आहेत," ती म्हणाली. "हे तू कधी घेतलंस? जिन्यावर माइक लावला होतास?" मी फोन उचलून तिच्या हातात दिला. मग म्हटलं, मी चालले ते. त्याचं बघून चालले. "असेच यायचे," ती म्हणाली. "दोन दोन पायऱ्या. मी आवाज ऐकून पळायचे आणि तरी माझ्याआधी दारात असायचे. तुला आठवतंय ना?" मी म्हटलं, तो वळणावर थांबायचा. कठड्याला हात लावायचा. पिशवी बदलायला. मुलीने माझ्याकडे असं बघितलं की ते बघणं मी विसरणार नाही. "ते शेवटी, आई," ती म्हणाली. "आजारी पडल्यावर. आधी कुठे थांबायचे?"

कानसेन हळूच म्हणाला, "पाचव्या सिनेमाला मी बोललो होतो, बाई, जरा जड होतंय. तुम्ही म्हणालात, साहेबांचं वय झालंय." मला ते बोलणं आठवलं नाही, पण तो खोटं बोलत नाही. मी खुर्चीत बसले. नवरा एकेका वर्षाने हळू होत गेला आणि मीही त्याच्याबरोबर साहेबांना हळू करत गेले, एका सिनेमात हात कठड्यावर आला, एकात तळवा घासायला लागला, एकात थांबा आला, आणि दर वेळी वाटलं की हे पहिल्यापासून असंच आहे. ती भांडी, तो बंद केलेला नळ, तो जिना, सगळं मी इतक्या वेळा आठवलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यात आजारी माणूस चढवला होता. तो गेल्यावर तळघरात येऊन भेटत होते ते त्याच्या दुखण्याला. जो तरुण माणूस दोन दोन पायऱ्या टाकत माझ्याकडे येत होता, ज्याच्याशी मी लग्न केलं होतं, तो आत्ता माझ्या समोरून जिना चढून गेला आणि मी विचारलं, कुठल्या पोराचे पाय आहेत हे. मला नवरा ओळखता आला नाही. मुलीला आला, दिग्दर्शकाला कोण ते माहीत नसताना आवडला, आणि मला ओळखता आला नाही. मला रडू आलं, आणि चारचौघांत रडायची मला लाज वाटते, पण ते थांबेना. दिग्दर्शक दाराकडे गेला, म्हणाला, मॅडम, आज राहू दे, हवा तेवढा वेळ घ्या, आणि निघून गेला.

कानसेनने तो जिना आणखी तीनदा लावला, मीच लावायला सांगितला. चौथ्या वेळी मी उठले, बूट घातले आणि लाकडाच्या खणात उभी राहिले. मला तो पायांत घ्यायचा होता. पहिल्याच उडीला गुडघ्यातून कळ गेली, ती दाबून मी चालले. चवडा, चवडा, वळण, अर्धी उडी. "असं नाही, आई," काचेपलीकडून मुलीचा आवाज आला. पुन्हा चालले. "तू टाच टेकतेयस." मला माहीत होतं मी टाच टेकतेय. पाय ऐकत नव्हते. आवाज कानात होता, पण माणूस कुठेच लागत नव्हता, आणि माणूस लागल्याशिवाय मला चालता येत नाही, मी काही पोपट नाही. मग दार उघडलं आणि मुलगी आत आली. काही न बोलता तिने माझ्या पायांतले बूट काढले, लहान पोराचे काढतात तसे एका हाताने टाच धरून, आणि स्वतः घातले. तिचे पाय बापासारखे लांब, तिला मोज्यांचा एकच जोड लागला. मला म्हणाली, तू पलीकडे जाऊन बस. मी कानसेनशेजारी बसले आणि त्याने आपले हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले.

ती चालायला लागली. तिला जागच्या जागी चालायची सवय नाही, एकदा ती खणाच्या बाहेर गेली, परत आली, ओठ चावत सुरुवातीपासून लागली. दुसऱ्या खेपेला तिने डोळे मिटले. मग पायऱ्या आल्या, दोन दोन, हलक्या, वळणावर अर्धी उडी, आणि पुन्हा वर. तिचा खांदा टाच टेकायच्या आधीच उचलला जात होता. कानसेनने रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला. मीही डोळे मिटले आणि वाट बघितली. कुणीतरी तरुण माणूस घाईघाईने जिना चढत होता, आनंदात होता, घरी त्याची कुणीतरी वाट बघत होतं. मी सगळं लक्ष लावून ऐकलं. तो चांगला चालत होता. तो कोण, ते मला आठवेना.

"असंच ना, आई?" मुलीने आतून विचारलं. तिला धाप लागली होती आणि ती हसत होती. तो गेल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

"असंच," मी म्हटलं. "अगदी असाच यायचा."